शंभर शेंगा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगा फोडल्या. चटणीसाठी नव्हे, परीक्षेसाठी.

होटगीला आमच्या घरापुढं ओटा आहे. संध्याकाळी त्यावर पोतं अंथरलं. इंदूनं शंभर शेंगा स्वतः मोजून सुपात घेतल्या, मला समोर बसवलं आणि मांडीवर वही उघडली.

"फोडा आणि आत किती दाणं हायती ते मोठ्यांदा सांगा. चव बघत बसू नका."

मी फोडत होतो, सांगत होतो. दोन. दोन. तीन. एक. दोन. ती पेन्सिलीनं रेघा ओढत होती. वहीत तिनं पट्टीनं घरं आखली होती, कडेला शून्य, एक, दोन, तीन, चार असे आकडे. ज्या घरातली शेंग, त्या घरात रेघ. चार रेघा उभ्या, पाचवी त्यांच्यावरनं तिरकी, सरपणाची मोळी बांधावी तशी.

मी म्हणलं, "शून्याचं घर कशाला? पोचट निघाली तर फेकून द्यायची की."

"फेकायची न्हाय. पोचट असली तरी ती आलीय न्हवं? आली म्हणून लिहायचं. शून्य येगळं आन् गैरहजर येगळं."

"म्हंजे?"

"फोडा तुमी."

मधेच एक शेंग फोडली आणि सवयीनं हात तोंडाकडं गेला. दाणे गोड होते. तिनं चष्म्यावरनं बघितलं.

"ती सांगितली का?"

"सांगितली की."

"मला न्हाय ऐकू आली."

"तुला अलीकडं कमीच ऐकू येतंय."

ती हसली आणि म्हणाली, पुढं चला. बासष्ट रेघा झाल्या आणि दिवस मावळला. आत बल्बखाली तिला बारीक दिसत नव्हतं, मोतीबिंदू पिकत आला होता. "ऱ्हायलेल्या उद्या," म्हणाली. उरलेल्या शेंगा माझ्या जुन्या रुमालात घालून गाठ मारली, वहीवर ठेवल्या. भाकरी आणि पातळ पिठलं खाल्लं. हिंगाचा वास जास्त झाला म्हणून मी कुरकूर केली. झोपलो.

सकाळी ती उठलीच नाही.

तिची परीक्षा पुढं तेविसाव्या दिवशी होती. त्या दिवशी मी कॉलेजात गेलो. पेपर द्यायला कोण नव्हतं, तरी गेलो. घरात बसवेना.

त्या कॉलेजात मी आधी एकदाच गेलो होतो, चाळीस वर्षांमागं. तेव्हा फाटकाजवळ चिंच होती, आता तिथं मोटारसायकली लावतात. आतला जिना तोच आहे, मधोमध झिजलेला, आणि त्याच्या खालचा गार वास तोच. भिजलेल्या खडूचा, जुन्या कागदाचा. तो वास नाकात गेला आणि मी तिथंच कठड्याला धरून उभा राहिलो. मागून पोरी आल्या, "आजोबा, बाजूला व्हा की," म्हणाल्या, झालो.

चाळीस वर्षांमागं मी तिचा निकाल बघायला आलो होतो. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, गणित आणि सांख्यिकी. सांख्यिकी म्हणजे काय ते मला आजही धड सांगता येणार नाही. मी चौथी शिकलो आणि रेल्वेत गँगमन लागलो, पुढं कीमन झालो. इंदूचा बाप होटगीलाच पॉइंट्समन होता. जावई कायमच्या नोकरीतला पाहिजे होता, मी होतो. लग्न झालं तेव्हा तिचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. शेवटचं वर्ष तिनं माझ्या घरून, पॅसेंजरनं सोलापूरला जाऊन केलं. मी नको म्हणलं नाही, एवढं माझ्या बाजूनं धरा. सकाळी ती केसाला ओलं फडकं गुंडाळून भाकरी थापायची आणि चुलीपुढं काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं स्तोत्र म्हणते. गणितं होती ती.

निकालाच्या वेळी तिला आठवा महिना होता, म्हणून मी गेलो. फळ्यावर लांब कागद चिकटवलेला. तिचा नंबर सापडला, पण पुढं पासही नव्हतं, नापासही नव्हतं, इंग्रजी अक्षरं होती. खिडकीतल्या क्लार्कला विचारलं. तो बशीत चहा ओतत होता. म्हणाला, "रिझल्ट रिझर्व्ह आहे."

आता मी रेल्वेचा माणूस. रिझर्व्ह म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. गाडी उभी राहिली की डब्याच्या दाराशी नावांचा कागद चिकटवलेला असायचा. ज्याचं नाव कागदात, त्याची जागा. तो सोलापूरला चढो नाहीतर पुढं वाडीला चढो, जागा त्याचीच, दुसरा बसला तर त्याला उठवायचं. म्हणलं, पोरीनं नुसतं पास नाही केलं, डिग्री नावावर लावून ठेवली.

येताना पेढे घेतले. क्वार्टरच्या पहिल्या घरापासून वाटत आलो. ती दारात उभी होती, पोटावर हात धरून. मी ओरडलो, "रिझर्व्ह झालं! तुझं रिझर्व्ह झालं!"

तिनं पेढा घेतला आणि खाल्ला नाही. नुसता धरून उभी राहिली. बायका जमल्या, कुणी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, बोटं मोडली. तिच्या हातातला पेढा मऊ होऊन बोटाला चिकटला. मला वाटलं, आनंदानं गप झाली.

त्या दिवसापासून माझी बायको बी.एस्सी. होती. गँगमध्ये, गावात, जेऊरला माझ्या भावकीत, सगळीकडं मी सांगत फिरलो. हातोडा मारताना सांगितलं, डबा खाताना सांगितलं. वरचा साहेब इन्स्पेक्शनला आला, त्यालासुद्धा सांगितलं. साहेब म्हणाला, "मग तू काय करतोस हितं?" सगळे हसले, मी पण हसलो, छाती फुगवून.

आणि मग तेच घेऊन मी तिच्या मागं लागलो.

गावातल्या शाळेला गणिताच्या बाई पाहिजे होत्या. मी परस्पर हेडमास्तरांना सांगून आलो की उद्या येतील, कागद घेऊन. घरी आलो तर ती म्हणाली, "मी न्हाय जाणार."

"का?"

"न्हाय म्हणलं न्हवं."

"एवढं शिकून चुलीम्होरं बसायचंय व्हय? मग शिकलीस कशाला? कागद काय पापड वाळवायला घेतलास?"

मी ताट ढकललं. वाटी उडून वांग्याचं कालवण भिंतीला लागलं. तिनं पोतेरं आणून पुसलं, पण तेलाचा डाग राहिला, पंजाएवढा. पुढच्या दिवाळीत चुना लावेपर्यंत मी रोज जेवताना तो बघायचो आणि रोज काहीतरी बोलायचो. शिकलेली म्हणून बोलायचो. बी.एस्सी.बाई, मीठ जास्त झालंय. बी.एस्सी.बाई, दूध उतू गेलं. असं किती वर्षं, ते मी मोजलं नाही.

ती आमच्याच ओट्यावर क्वार्टरमधल्या पोरांना गणित शिकवायची. पैसे घ्यायची नाही. मी त्यावरही बोललो.

माझं काम सकाळी हातोडा घेऊन माझ्या हद्दीतला रूळ चालत तपासायचं होतं. रुळाला धरून ठेवणारी लोखंडाची चावी असते. तिच्यावर हातोडा मारला की घट्ट असेल तर टण्ण वाजते, ढिली असेल तर खट् असा बसका आवाज येतो. धुक्यात, पावसात, गाडी धडधडत गेल्यावर कान बधिर असताना मी तो आवाज ओळखायचो. घरात मात्र माझ्या कानांनी काही काम केलं नाही.

मागच्या वर्षी एके दुपारी ती पेपर घेऊन माझ्यापुढं बसली. म्हणाली, "अवो, मी परीक्षेला बसणार हाय."

"कसली परीक्षा?"

"बी.एस्सी.ची. जुन्या पॅटर्नच्या लोकांना शेवटची संधी दिलीय. हितं छापलंय."

"तू तर बी.एस्सी. हायस की."

तिनं पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग सांगितलं. दुसऱ्या वर्षाचं सांख्यिकीचं एक प्रॅक्टिकल तिचं राहिलं होतं. एक विषय राहिला तरी तिसऱ्या वर्षाला बसू द्यायचे, पण तो राहिलेला दिल्याशिवाय शेवटचा निकाल देत नव्हते, राखून ठेवायचे. त्याला रिझर्व्ह म्हणायचे. तिसऱ्या वर्षाचे सगळे पेपर ती पास होती. गणितात वर्गात दुसरी होती. पण डिग्री नाही.

मी म्हणलं, "मग एवढी वर्षं मला येड्यात काढलंस?"

"पेढं तुमी वाटलं. परत मागून आणायचं व्हतं का घरोघर फिरून?"

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. भिंत दिसली, तेलाचा डाग असलेली. ती भिंत आता आमची नाही, क्वार्टर सोडून दहा-बारा वर्षं झाली.

मी विचारलं, "नापास झालतीस व्हय त्यात?"

"न्हाय. गैरहजर. नापास झाले असते तर बरं झालं असतं. शून्य मिळालं असतं तरी चाललं असतं. बसले तरी व्हते म्हणून कागदावर आलं असतं."

"का न्हाय बसलीस?"

ती उठली, पेपर फळीवर ठेवला, आणि पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशी आपलं लगीन व्हतं."

लग्नाची तारीख आमच्याकडनं ठरली होती. का, कशी, ते आता काढून उपयोग नाही. मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की मांडवाला ओल्या आंब्याच्या डहाळ्यांचा वास होता, हळद चांगलीच पिवळी लागली होती, आणि नवरी सारखी शेजारच्या करवलीला विचारत होती, "किती वाजले?" अकराला विचारलं. बाराला विचारलं. अक्षता पडल्यावर, दोनच्या सुमाराला, पुन्हा विचारलं, आणि मग विचारायची थांबली. जन्मभर मी यावर लोकांना हसवलं. पाहुणे आले की सांगायचो, "हिला लग्नाची लई घाई झालती, सारखी टाइम विचारायची." पाहुणे हसायचे. ती पदर तोंडाला लावायची आणि चहा टाकायला उठायची.

प्रॅक्टिकल अकरा ते दोन होतं.

पुढचे काही महिने घरात परीक्षा होती. ती आठवड्यातनं तीनदा सोलापूरला जायची, नातीच्या वयाच्या पोरींबरोबर बसायची. पोरींना शेंगाचटणीचा डबा न्यायची. येताना नवी भाषा घेऊन यायची. तिनं मला सगळं समजावून सांगितलं, मी विचारलं म्हणून नाही, तिला कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून. प्रॅक्टिकलला नुसतं बसून चालत नाही, वही पुरी लागते. वहीत पंधरा प्रयोग लागतात. वहीच्या पहिल्या पानावर सर्टिफिकेट असतं, त्यावर मॅडमची सही लागते. सही नसली तर दारातनं परत. चौदा प्रयोग पुस्तकातल्या आकड्यांचे, पंधरावा मात्र स्वतः आकडे गोळा करून करायचा.

मी म्हणलं, "पंधरावा मनानं लिही की. कोण बघायला येतंय शेंगा?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी सुपाजवळ जाऊन बसलो.

तर परीक्षेच्या दिवशी मी वही आणि रुमालाचं गाठोडं पिशवीत घालून जिना चढलो. मला वाटत होतं प्रॅक्टिकलच्या खोलीत बाटल्या असतील, जळका वास असेल, नळ्यांतनं धूर निघत असेल. चाळीस वर्षं माझ्या डोळ्यापुढं तेच होतं. आत बघितलं तर नुसती टेबलं, कागद आणि कॅल्क्युलेटर. पंखा कुरकुरत होता. भिंतीवर घड्याळ. एवढंच? तीन तास बसायचं, कागदावर आकडेमोड करायची, एवढीच गोष्ट होती? आमच्या लग्नाला तीन दिवस लागले होते.

दाराला नावांचा कागद चिकटवलेला होता. अगदी डब्याला असतो तसा. मी चष्मा लावून माझं आडनाव शोधलं. नव्हतं. पुन्हा वरून खाली आलो. मग कळलं, तिचं नाव तिच्या बापाच्या नावानं होतं, लग्नाआधीचं. इंदुमती, आणि पुढं मी कुठंच नाही. जागा मात्र होती, नंबर टाकून ठेवलेली. आत खिडकीजवळचं एक स्टूल रिकामं होतं, टेबलावर कोरा कागद.

मॅडम बाहेर आल्या. तिशीच्या असतील. म्हणाल्या, "कुणाला शोधताय, आजोबा?"

मी कागदावर बोट ठेवलं.

"अय्या, तुम्ही आजींचे मिस्टर? कुठं आहेत त्या? पाच मिनिटं राहिलीत."

"गेली. तेवीस दिवस झालं."

त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. आतल्या पोरी कुजबुजायच्या थांबल्या. कुणीतरी "चटणीवाल्या आजी?" असं विचारलं. घंटा झाली. मॅडमनी हजेरीचा कागद घेतला, एकेकीची सही घेतली. शेवटी तिच्या नावापाशी पेन थांबलं.

मी विचारलं, "काय लिवणार?"

"गैरहजर लिहावं लागतं, आजोबा."

"मेली म्हणून लिवा की."

"तसा रकाना नाही."

"मग मोकळं सोडा."

"मोकळं सोडता येत नाही. हजर किंवा गैरहजर. दोनच असतात."

त्यांनी लिहिलं. लाल शाईनं, दोन इंग्रजी अक्षरं. त्यांचा हात हळू चालला होता, मी बघितलं. त्यांचा दोष नाही. क्लार्कचाही नव्हता.

मी पिशवीतनं वही काढून त्यांच्यापुढं धरली. का आणली होती, मलाच माहीत नव्हतं. त्यांनी पानं चाळली. तांबड्या कागदाचं कव्हर, आत इंदूचं अक्षर, मुंग्यांची रांग जावी तसं सरळ. म्हणाल्या, "सर्टिफिकेटवर सही करून देऊ का? परीक्षेला उपयोग नाही आता. तुमच्याजवळ राहील."

"पुरी हाय का वही?"

"शेवटचा प्रयोग अर्धा आहे. पण आता काय..."

"मग नको. अपुऱ्या वहीवर तिनं सही घेतली नसती."

मग मी विचारलं, "पुरी करून आणली तर?"

"आणा. मी करीन सही. फक्त आकडे खरे असू द्या, आजोबा. या पोरींना आजी त्यावरूनच ओरडायच्या."

पिशवी घेऊन मी खाली आलो. फाटकापाशी चिंचेच्या जागी उभ्या असलेल्या एका मोटारसायकलीला टेकून बसलो. आत घड्याळात किती वाजले असतील ते डोक्यातनं जाईना. दोन वाजेपर्यंत मी तिथंच होतो. पोरी बाहेर आल्या, बडबडत, उत्तरं जुळवत. मग उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली. ओट्यावर पोतं अंथरलं, सूप घेतलं, रुमालाची गाठ सोडली. तिनं मारलेली गाठ होती, घट्ट, दातानं सोडवावी लागली. शेंगा वाळून खुळखुळत होत्या. वही मांडीवर घेतली. एकट्यानं फोडायचं आणि लिहायचं जमेना, बोटाची माती पानाला लागायला लागली, तेव्हा कामाचे दोन भाग केले. आधी फोडून सांगायचं, मग हात पुसून रेघ ओढायची. मोठ्यांदा सांगितलं. दोन. तीन. दोन.

शेजारीण डोकावली. "अण्णा, कुणाशी बोलताय?"

"मोजतोय."

ती गेली. चारची एक निघाली. मी रेघ ओढली आणि समोर बघितलं, सवयीनं. पाचवी रेघ दरवेळी तिरकी यायला पाहिजे हे विसरायचो, दोनदा सरळ ओढली, खोडली. एक पोचट निघाली. आत नुसती काळी साल. शून्याच्या घरात तोवर काहीच नव्हतं. आली म्हणून लिहिली.

सूप रिकामं झालं. बेरीज केली. नव्व्याण्णव आली. मोळ्या बोटानं मोजल्या, परत नव्व्याण्णव. पोतं झटकलं, रुमाल झटकला, ओट्याच्या खाली वाकून बघितलं. तिनं शंभर मोजल्या होत्या. इंदूचं मोजणं चुकत नाही.

मग आठवलं.

दोन दाणे होते का तीन, ते आठवेना. जिभेला गोड आठवलं, आकडा आठवेना. दोनच्या घरात सगळ्यात जास्त रेघा होत्या, तिथं एक वाढली असती तर कुणाला कळलं नसतं. मी पेन्सिल त्या घरात टेकवली होती. टेकवल्याचा टिपका अजून आहे.

ती उचलली आणि घरांच्या खाली, मोकळ्या जागेत, मला येतं तसल्या अक्षरात लिहिलं: एकूण नव्व्याण्णव. एक गैरहजर. ती मी खाल्ली.